छाटलेले वस्तुमान

मुक्त पतनाचे गणित सोडवताना समीकरणाच्या दोन्ही बाजूंचे वस्तुमान एका रेघेने छाटले जाते आणि जड-हलक्या साऱ्या वस्तू एकाच त्वरणाने, म्हणजे वेग वाढण्याच्या एकाच दराने, खाली येतात असे उत्तर मिळते. उत्तर बरोबर असते. परंतु त्या रेघेखाली भौतिकशास्त्रातील एक मोठे आश्चर्य गाडले जाते आणि वर्गात त्याविषयी अवाक्षरही निघत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

छाटलेली ती वस्तुमाने मुळात दोन आहेत. वेगातील बदलाला वस्तू जो विरोध करते त्याचे माप म्हणजे जडत्वीय वस्तुमान, आणि पृथ्वी तिला किती जोराने ओढणार हे ज्यावरून ठरते ते गुरुत्वीय वस्तुमान. गावातील किराणा दुकानदार आणि कापड दुकानदार यांच्या उधारीच्या वह्यांत एखाद्या गिऱ्हाइकाची बाकी सारखी निघाली, तर तो योगायोग मानता येईल. पण प्रत्येक गिऱ्हाइकाची बाकी, दर दिवाळीला, पैशापर्यंत जुळू लागली, तर दोन्ही दुकानांमागे वही एकच असावी, असा संशय कोणाही शहाण्या माणसाला यावा. विद्युतबलाच्या दुकानात असे जुळत नाही : इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांचा विद्युतभार परिमाणाने समान असूनही त्यांच्या वस्तुमानांत सुमारे १८३६ पटींचा फरक आहे. गुरुत्वाच्या बाबतीत मात्र हंगेरीच्या एटव्हश यांनी पीळतराजूवर आणि २०१६ मध्ये सोडलेल्या मायक्रोस्कोप उपग्रहाने टायटॅनियम व प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूंवर ही बाकी तपासली. उपग्रहाच्या मोजणीत १० च्या १५ व्या घातातील एका भागाइतक्या बारकाईपर्यंतही फरक सापडला नाही.

वही एकच आहे, हे १९०७ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या आइन्स्टाइन यांनी ओळखले. गुरुत्वापासून दूर अवकाशात एखादी बंद खोली दर सेकंदाला सेकंदामागे ९.८ मीटरने वेग वाढवत वर जात असेल, तर आत सोडलेल्या लोखंडी व लाकडी गोळ्यांना कोणीच ओढत नाही. जमीनच वर येऊन दोघांना एकाच क्षणी भिडते, आणि आतल्या माणसाला मात्र दोन्ही गोळे बरोबरीने पडल्यासारखे दिसतात. येथे छाटण्यासारखे काही उरतच नाही. लहानशा बंद खोलीत गुरुत्व आणि त्वरण वेगळे ओळखता येत नाहीत, हेच समतुल्यतेचे तत्त्व. आणि पुन्हा सांगणे अगत्याचे आहे की, त्याचा पाया त्या दोन वस्तुमानांच्या समानतेत आहे.

‘लहानशा’ या शब्दावर खरे तर स्वतंत्र भाषण हवे. पृथ्वीवरील खोली पुरेशी रुंद असेल, तर दोन टोकांना सोडलेले गोळे पृथ्वीच्या केंद्राकडे पडताना किंचित जवळ येतात, आणि खोलीला कोणतेही त्वरण दिले तरी हे जवळ येणे नाहीसे करता येत नाही. १९१५ मधील वक्र अवकाशकाळाचा सिद्धान्त तेथूनच उलगडतो, परंतु ती वाट नेमून दिलेल्या मिनिटांत मावणारी नाही.