हाडाचं चित्र जुळवताना

खुब्याचा सांधा बदलताना नवी वाटी किती कलती बसवायची, हे आता संगणक दाखवू शकतो. पण ऑपरेशनआधीचं सीटी स्कॅनचं चित्र आणि टेबलावरचं खरं हाड आधी जुळावं लागतं. सर्जन टोकदार सळई हाडावर जागोजागी टेकवतात, कॅमेरा ती जागा टिपतो आणि संगणक चित्र त्यावर बसवतो.

1992 साली अमेरिकेत रोबोडॉक या रोबोटिक यंत्राने खुब्याची पहिली शस्त्रक्रिया झाली, तेव्हा चित्र जुळवण्यासाठी मांडीच्या हाडात आधीच धातूच्या पिना बसवत. त्यासाठी वेगळं ऑपरेशन, वर दुखणं! पुढे पिनांची गरज उरली नाही, हे फार बरं झालं.

आता भिस्त स्पर्शावर. सगळे बिंदू एकाच कोपऱ्यात घेतले, तर चित्र तिरकं बसूनही संगणकाला ते जुळलेलं वाटतं. म्हणून ते दूरदूर घ्यायचे. शिवाय सीटीत हाड स्पष्ट दिसतं, त्यावरची कूर्चा नाही. टोक कूर्चेवरच थांबलं, की तिच्या जाडीइतका फरक तिथेच पडला. ते हाडाला भिडायलाच हवं. शेवटी एखाद्या नव्या जागी सळई टेकवून पडद्यावर पाहायचं. टोक हाडाच्या आत किंवा अधांतरी दिसलं, तर वेळ गेला तरी चालेल, बिंदू पुन्हा घ्यावेत.