वकिली, विमा आणि दिलेला शब्द
(ज्युबिली-समारंभांत दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं विम्यासारखा रुक्ष विषय कां निवडला, असें आपणांस वाटेल. परंतु आपल्या जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील घरांचा विचार करा. घरचा कर्ता पुरुष शेतांत राबतो, कांदा किंवा टोमॅटो पिकवून नारायणगांव वा मंचरच्या बाजारीं नेतो, आणि त्याच्या दोन हातांवर पांचसहा माणसांचें पोट चालतें. ते हात एकाएकीं थांबले म्हणजे काय होतें, हें आपणांपैकीं अनेकांनीं शेजाऱ्याच्या अंगणांत, कित्येकांनीं स्वतःच्या घरांत पाहिलें आहे. दुःखांत वांटेकरी होण्यास सारा गांव येतो. परंतु महिन्याभरानें कर्जाचा हप्ता आला, म्हणजे तो विधवेस एकटीलाच भरावा लागतो.

ह्या प्रश्नाला आपल्याच मराठी मुलुखांतील एका वकिलानें शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वीं हात घातला. ते साताऱ्याचे अण्णासाहेब चिरमुले. वकिलीच्या व्यवसायांतून ते विम्याकडे वळले आणि १९१३ सालीं त्यांनीं साताऱ्यास ‘वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुअरन्स कंपनी’ स्थापन केली.

त्या काळाचें स्मरण केल्यावांचून ह्या धाडसाची किंमत कळणार नाहीं. पूर्वीं परदेशी कंपन्या आपल्या लोकांचा विमा एकतर उतरीत नसत, किंवा उतरलाच तर गोऱ्या माणसापेक्षां अधिक हप्ता घेत. ही रीत मोडून हिंदी माणसाचा विमा सामान्य दरानें उतरण्याचें काम मुंबईच्या ‘बाँबे म्युच्युअल’ ह्या संस्थेनें आरंभिलें. पुढें १८७४ सालीं मुंबईसच ‘ओरिएंटल’ कंपनी निघाली. १९१२ सालीं आयुर्विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारा कायदा झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं साताऱ्याची कंपनी उभी राहिली. त्याच १९१३ च्या अखेरीस मुंबईची ‘इंडियन स्पेसी बँक’ बुडाली, आणि त्या सुमारास आणखीही कित्येक देशी बँका बुडाल्या. लोकांचा विश्वास असा डळमळीत झाला असतां, एका जिल्ह्याच्या गांवीं बसून, “आज थोडें द्या, तुमच्या मागें तुमच्या मुलांना आम्ही देऊं,” असें म्हणणें ही लहान गोष्ट नव्हती.

ह्या वचनामागें जें गणित आहे तें साधें आहे. हजार माणसांपैकीं यंदा कोण जाईल, हें कोणासही सांगतां येत नाहीं. परंतु साधारणपणें किती जातील, हें मृत्यूच्या नोंदींवरून काढतां येतें. हजारांनीं थोडथोडें द्यावें, तें सुरक्षित ठिकाणीं गुंतवावें, आणि ज्यांच्या घरीं दिवा विझला त्यांना त्यांतून द्यावें. एकाच्या माथ्यावरचें ओझें हजारांनीं उचलावयाचें, एवढाच विम्याचा अर्थ.

मग ह्यांत वकिलाचा संबंध काय? विमा हा करार खरा, पण तो इतर करारांहून निराळा आहे. जमीन विकली किंवा बैल विकला, तर देणारा व घेणारा दोघेही हयात असतात, आणि तंटा पडल्यास दोघेही साक्ष देऊं शकतात. आयुर्विम्यांत मात्र वचन पाळण्याची घटका येते, तेव्हां ज्यानें तें वचन विकत घेतलें तो बहुधा साक्षीस नसतो. त्याच्या वतीनें केवळ कागद बोलतो. म्हणून कागदाचें मोल जाणणारा माणूस ह्या धंद्यांत हवा. अमेरिकेंतील वॉलेस स्टीव्हन्स हे वकील १९१६ सालीं हार्टफर्ड येथील विमा कंपनींत शिरले, १९३४ सालीं तिचे उपाध्यक्ष झाले, आणि १९५५ सालीं मृत्यु येईपर्यंत तेथेंच होते. जग त्यांना मोठे कवि म्हणून ओळखतें. कंपनींत मात्र ते दाव्यांचे कागद बारकाईनें वाचणारे वकील होते.

कायदा जाणणारा माणूस विधवेच्या किती उपयोगीं पडूं शकतो, ह्याचें एक उदाहरण सांगतों. १८७५ सालीं आपल्या पुणें जिल्ह्यांत व शेजारच्या नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध बंड केलें आणि कर्जरोखे जाळले. योगायोग असा कीं, त्याच्या आदल्याच वर्षीं, १८७४ सालीं, विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला होता. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणें पतीनें पत्नीच्या व मुलांच्या हितासाठीं म्हणून, तसें विमापत्रावर नमूद करून, स्वतःचा विमा उतरला, तर ती रक्कम त्यांच्याकरितां ठेवलेली ठेव मानली जाते. पतीच्या सावकारास तिच्यावर हात टाकतां येत नाहीं. मात्र सावकारास फसविण्याच्या हेतूनें विमा उतरला असेल, तर विम्याच्या रकमेंतून आपलें येणें वसूल करण्याचा त्याचा हक्क राहतो. हें कलम आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना आरंभापासून लागूं होतें. आपल्या हिंदु व मुसलमान बांधवांना तें निःसंशयपणें लागूं होण्यास १९२३ सालची दुरुस्ती व्हावी लागली. असें असूनही आपल्यांतील किती जणांना ह्या कलमाची माहिती आहे?

अण्णासाहेबांनीं पुढें १९३६ सालीं साताऱ्यासच ‘युनायटेड वेस्टर्न बँक’ स्थापिली. कालांतरानें ह्या दोन्ही संस्था मोठ्या संस्थांत विलीन झाल्या. १९५६ च्या जानेवारींत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख ह्यांच्या कारकीर्दींत आयुर्विम्याचा कारभार सरकारनें हातीं घेतला, आणि १ सप्टेंबर १९५६ रोजीं २४५ लहानमोठ्या संस्थांचा धंदा एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें. साताऱ्याची कंपनी त्यांतच गेली. बँकही २००६ सालीं आय.डी.बी.आय. बँकेंत मिळून गेली. पाट्या बदलल्या, परंतु साताऱ्याच्या कंपनीनें विमेदारांना दिलेला शब्द महामंडळावर बंधनकारक राहिला. संस्थेचें नांव नाहींसें झालें तरी तिचा शब्द जिवंत राहतो, ह्याहून मोठें प्रमाणपत्र कोणत्या धंद्यास हवें?

शब्द पाळण्याची जबाबदारी मात्र एकट्या कंपनीची नाहीं. आपल्याकडूनही तीन गोष्टी घडल्या पाहिजेत.

पहिली, अर्जांत खरें सांगा. आजार लपवून विमा उतरणारा माणूस कंपनीस नव्हे, स्वतःच्या मुलांना फसवितो. तीन वर्षें उलटल्यावर विमापत्रावर आक्षेप घेतां येत नाहीं, असें आजचा कायदा म्हणतो. परंतु मृत्यु तीन वर्षें थांबेल असें कोणी लिहून दिलें आहे?

दुसरी, ज्यास पैसे मिळावयाचे त्याचें नांव विमापत्रावर लिहा, आणि शक्य तर एकाहून अधिक नांवें लिहा. ३० जुलै २०१४ च्या पहाटे आपल्या आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशें माणसें गाडलीं गेलीं. घरेंच्या घरें एका क्षणांत नाहींशीं झालीं. अशा वेळीं नांव लावलेली व्यक्तिही विमेदारासंगें गेली, तर मागें उरलेल्यांना दुःखाच्या भरांत आपलें वारसपण शाबीत करीत फिरावें लागतें. तें जिवंतपणीं टाळतां येण्यासारखें आहे.

तिसरी, विमापत्र कोठें ठेवलें आहे, हें पत्नीस सांगा. पुष्कळ घरांत पुरुष ही गोष्ट गुपित म्हणून जपतात. ज्या कागदाचा पत्ता घरांत कोणासही नाहीं, त्यानें चूल कशी पेटावी?

बंधुभगिनींनो, विम्यानें गेलेलें माणूस परत येत नाहीं, हें मी जाणतों. परंतु बापाची चिता मुलांच्या शाळेपर्यंत पुरली पाहिजे. त्याच्या डोळे मिटण्यानें ती थांबतां कामा नये. साताऱ्याच्या त्या वकिलाचें कार्य आठवून आज घरीं गेल्यावर आपली पेटी उघडा, विमापत्र काढा, त्यावरील नांवें वाचा, आणि पत्नीस जवळ बसवून तीं तिलाही वाचून दाखवा. एवढें कराल तर माझे हे चार शब्द कारणीं लागले असें मी समजेन.