मार्क चांगले आहेत ना!

पुण्यातल्या कोथरूडमध्ये मुलाची काळजी सुरू होते ती मार्क घसरल्यावर. १९८०-९०च्या दशकात मयूर कॉलनीत किंवा डहाणूकर कॉलनीत वाढलेला एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. पीएमटी बसचे मार्ग थांब्यांसकट पाठ, गणितात पैकीच्या पैकी. पण लग्नात बँड वाजू लागला की हा कानांवर हात दाबून जिन्याखाली जाऊन बसे. शर्टाचं लेबल टोचलं तरी रडून गोंधळ. मधल्या सुट्टीत कुणाशी काय बोलावं, हे त्याला उमजत नसे. घरचे म्हणत, "नाटकं आहेत नुसती." बाई म्हणत, "हुशार आहे, जरा एकलकोंडा आहे एवढंच."

हा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) असू शकतो, ही शंका तेव्हा कुणाला येणार?

घरच्यांना दोष देणं सोपं आहे, पण वैद्यकशास्त्रही उशिराच जागं झालं. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ११ स्वमग्न मुलांची वर्णनं छापली. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अॅस्परगर यांनी, नीट बोलणाऱ्या पण चारचौघांत न मिसळणाऱ्या मुलांविषयी लिहिलं. तेही जर्मनमध्ये आणि ऐन महायुद्धात. त्यांच्या कामाकडे इंग्रजी जगाचं लक्ष वेधलं ते लोर्ना विंग यांच्या १९८१च्या लेखानं. अमेरिकी निदान-पुस्तिकेत अॅस्परगर सिंड्रोमला जागा मिळाली १९९४ साली. आपल्याकडे अपंगांसाठीच्या १९९५च्या कायद्यात स्वमग्नता नव्हतीच. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आणि मग २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आली. तोवर आपला मुलगा नोकरीला लागलेला.

मुलींचं तर विचारूच नका. गप्प बसणारी मुलगी आपल्याकडे गुणी ठरते. मैत्रिणी कधी हसतात ते पाहून ती हसायला शिकते, बोलायची वाक्यं आधीच घोकून ठेवते. याला मास्किंग म्हणतात. दिवसभर हे निभावून ती घरी येते आणि दार लावून घेते. मग शेरा तयारच, "माणूसघाणी झालीये."

स्वमग्नतेच्या सरकारी प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय मापनात ४० मुद्दे आहेत. ७०च्या खाली गुण आले तर स्वमग्नता नाही, असं धरलं जातं. नजरेला नजर देणं, बोलणं, वागणं यांवर त्याचा भर. नजर द्यायला शिकून घेताना झालेली दमछाक अशा मोजणीत कुठे दिसणार?

तेव्हा घरातलं कुणी चाळिशीत म्हणालं, "मला तपासून घ्यायचंय," तर "असं सगळ्यांनाच होतं" म्हणू नका. मानसोपचारतज्ज्ञ बालपणाबद्दल बारकाईनं विचारतात. सोबत आईला किंवा मावशीला न्या आणि जुनी प्रगतिपुस्तकंही न्या. मार्क राहू देत, बाईंनी लिहिलेले शेरे तेवढे दाखवा.