शेवटची तारीख आणि आपले पहिले कर्तव्य
(विद्यार्थी व पालक यांच्या सभेत केलेले भाषण)



परीक्षांचे निकाल लागले की आपल्या गावोगावी सत्कारसमारंभ होतात. यशस्वी मुलांना हार घातले जातात आणि ते योग्यच आहे. परंतु आज मी ज्या मुलांविषयी बोलणार आहे, त्यांना कोणी हार घालीत नाही. ती नापास झालेली नाहीत. गुण त्यांच्या पदरात आहेत, गुणवत्ता यादीत त्यांचे नाव आहे. आणि तरीही महाविद्यालयाचे दार त्यांच्या तोंडावर बंद झालेले आहे. कारण एवढेच की, अर्जाची अथवा शुल्काची मुदत काही मिनिटांनी, फार तर एका दिवसाने टळली. नापास झालेल्या मुलाचे सांत्वन करावयास चार माणसे तरी येतात. मुदत चुकलेल्याला मात्र जो तो एकच प्रश्न विचारतो, ‘इतके दिवस काय करीत होतास?’ या प्रश्नाचे खरे उत्तर आज आपण शोधावयाचे आहे.

देशभर गाजलेले एक उदाहरण घेऊ. २०२४ च्या जून महिन्यात उत्तर प्रदेशातील एका दलित मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत विद्युत अभियांत्रिकीची जागा मिळाली. ती पक्की करण्यासाठी १७,५०० रुपये भरावयाचे होते आणि त्यासाठी चार दिवसांची मुदत होती. २४ जून रोजी सायंकाळी पाच वाजता ती संपणार होती. वडिलांची मजुरी दिवसाला ४५० रुपये. आता हिशेब आपणच करा. घरात चूल न पेटवता, एक पैसाही खर्च न करता हा गृहस्थ राबला असता, तरी ही रक्कम जमावयास एकोणचाळीस दिवस लागले असते. त्याला मिळाले होते चार! गावकऱ्यांकडे हात पसरून पैसे गोळा होईतो पावणेपाच वाजले. मुलाने घाईघाईने कागदपत्रे चढविली. पण शुल्क भरले जाण्यापूर्वीच पाच वाजले आणि संकेतस्थळ बंद झाले. नियमाप्रमाणे ही परीक्षा दोनदाच देता येते आणि ही त्याची दुसरी खेप होती. म्हणजे पुढल्या वर्षाची आशाही त्याच मिनिटाला संपली.

पुढे तो मुलगा आयोगाकडे गेला, झारखंडमधील विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला, मद्रास उच्च न्यायालयात गेला आणि अखेरीस सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. तेथे प्रतिपक्षाने सांगितले की, मुलाने त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारासच संकेतस्थळावर प्रवेश केला होता, त्याला सूचनाही पाठविल्या होत्या. मग उशीर का झाला? बंधूंनो, या युक्तिवादातच सारे मर्म आहे. मुलगा तीन वाजता जागा होता. पैसे पावणेपाचला जागे झाले! संगणकाला पहिली गोष्ट दिसते, दुसरी दिसत नाही. ती पाहावयास माणूस लागतो. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पाहिली. घटनेच्या १४२ व्या कलमाखालील आपला विशेष अधिकार वापरून त्याने मुलाला त्याची जागा देवविली आणि इतर कोणाची जागा जाऊ नये म्हणून एक जादा जागा निर्माण करावयास सांगितले. २०२१ साली मुंबईच्या आयआयटीत जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याचीही अशीच कथा झाली होती. पैसे कमी पडले, ते बहिणीने पाठविले. मग रक्कम भरताना यंत्रणेने वारंवार दगा दिला आणि मुदत टळली. मुंबई उच्च न्यायालयात त्याला यश आले नाही. त्याच वर्षी २२ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला न्याय दिला.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग चिंता कशाची? मुदत चुकली तर न्यायालय आहेच! असा समज करून घेऊ नका. या दोघांना न्याय मिळाला हे खरे. परंतु पहिल्याला त्यासाठी तीन महिने दारोदार फिरावे लागले. शिवाय १४२ व्या कलमाचा अधिकार केवळ सर्वोच्च न्यायालयास आहे, आणि तो अपवाद म्हणून वापरावयाचा असतो. दिल्लीपर्यंत पोहोचले त्यांची नावे वर्तमानपत्रांत आली. जे आपल्या गावच्या बसथांब्यावरूनच परत फिरले, त्यांची दखल कोणी घेतली?

उलट बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. शेवटची तारीख ही मुळात गरिबाची वैरीण नाही. तारीख नसेल तर दार कोणासाठी उघडे राहील? ज्याची ओळख आहे, ज्याचा वशिला आहे, त्याच्यासाठी! छत्तीसगडमधील एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात २००६ साली प्रवेशाच्या अगदी अखेरच्या दिवशी, ३० सप्टेंबरला, यादीतील वरच्या मुलांना डावलून खालच्यांना जागा दिल्या गेल्या. ते प्रकरण २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले, तेव्हा न्यायालयाने प्रवेशाचे वेळापत्रक काटेकोरपणे पाळण्याविषयी कडक आदेश दिले. म्हणून ‘मुदती मोडून काढा’ अशी आरोळी मी ठोकणार नाही. माझे मागणे वेगळे आहे. आळसाने चुकलेला आणि अगतिकतेने चुकलेला, यांतला भेद करणारा एखादा जबाबदार अधिकारी प्रत्येक प्रवेशयंत्रणेत असावा. त्याला दोन दिवसांत लेखी निर्णय देण्याचा अधिकार असावा. हा भेद न्यायालयांना नवा नाही. ओरिसातील एका माजी सैनिकाच्या मुलीच्या दाखल्यात सरकारी कार्यालयाकडूनच चूक झाली होती आणि दुरुस्त दाखला मागाहून आला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पात्रता वेळेवर असली पाहिजे. तिचा पुरावा सादर करण्यातील प्रत्येक त्रुटीपायी उमेदवारी बाद होण्याचे कारण नाही. पात्रता वेगळी आणि पुरावा वेगळा, हे शब्द आपण पाठ करून ठेवावेत.

आता आपल्या घरी येऊ. पूर्वी अर्ज टपालाने जात. पाकिटावरच्या शिक्क्याला मान होता, आणि पोस्टमास्तर हा ओळखीचा माणूस होता. आज अर्ज संगणकावर भरतात. त्यामुळे पुण्यामुंबईच्या खेपा वाचल्या हे मान्य करावयास हवे. परंतु खानापूरच्या रानातील एखाद्या गावातला मुलगा डोळ्यांपुढे आणा. मोबाइलला रेंज नाही म्हणून तो तालुक्याच्या गावी येतो. तेथे वीज नाही. वीज आली तर ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर जातो आणि वडील शेतात! त्यात आपल्या मुलांवर दुहेरी भार. कर्नाटकाची सीईटी वेगळी, महाराष्ट्राची वेगळी. दोन वेळापत्रके, दोन संकेतस्थळे. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत विवादित सीमाभागातील उमेदवारांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. पण तिचा लाभ घ्यावयाचा तर गाव त्या भागात असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला हवा. हा दाखला शेवटच्या दिवशी दुकानात मिळत नाही! हक्क मिळविण्यासाठी ज्यांनी पिढ्या घालविल्या, त्यांच्या मुलांनी तो एका कागदाच्या अभावी गमवावा, यासारखी शोकांतिका दुसरी नाही.

म्हणूनच मी म्हणतो की, मुदत शेवटच्या मिनिटाला चुकत नसते. ती सहा महिने आधीच चुकावयास लागलेली असते. दाखल्यावरचे नाव आणि गुणपत्रिकेवरचे नाव जुळत नाही, तेथे ती चुकते. उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षाचा निघतो, तेथे ती चुकते. बँकेचे खाते वापराअभावी बंद पडलेले असते, तेथे ती चुकते. सधन घरात यातली प्रत्येक चूक पैशाने किंवा ओळखीने दुरुस्त होते. गरिबाच्या घरी एकेक चूक एकेक दिवस खाते आणि सारा दोष मात्र शेवटच्या मिनिटाच्या माथी येतो.

यावर उपाय काय? विद्यार्थी मित्रांनो, जानेवारीतच सर्व कागद काढून एकमेकांशी ताडून पाहा. अर्जाची शेवटची तारीख घराच्या भिंतीवर प्रत्यक्ष तारखेच्या तीन दिवस आधीची लिहा. आणि एवढे करूनही चुकलेच, तर रडत बसू नका. पडद्याचे छायाचित्र, बँकेचा संदेश, वेळेची नोंद, सारे जपून ठेवा. त्याच तासाला लेखी तक्रार करा, दुसऱ्या दिवशी समक्ष जा, पुढची प्रवेशफेरी आहे काय ते विचारा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे दार ठोठवा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न घालता तेथे मोफत साहाय्य आहे. अल्प उत्पन्नाच्या इतर माणसांनाही ते मिळते.

आणि वडीलधाऱ्यांनो, एक काम आपले आहे. त्या मजुराच्या गावात पैसे नव्हते असे नाही. ते अखेर जमलेच. फक्त ते एका जागी, एका हाताखाली तयार नव्हते. आपल्या प्रत्येक वाचनालयाने, प्रत्येक तरुण मंडळाने दहा सुस्थित माणसांकडून दोन-दोन हजार रुपये घेऊन वीस हजारांचा उसनवार निधी उभा केला, तर तेवढ्याने असे एक शुल्क त्याच घटकेला भरता येईल. मुलाने सवडीने फेडावे, म्हणजे तीच रक्कम दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. वाचनालयाच्या दारात तारखांचा एक फलक लावावा. संगणक जाणणाऱ्या दोन तरुणांनी प्रवेशाच्या दिवसांत रोज सायंकाळी दोन तास तेथे बसावे. याला सरकारी मंजुरी लागत नाही, निवेदन लागत नाही, मोर्चाही लागत नाही!

उत्सवाची वर्गणी आपण एका रात्रीत जमवितो. पूर आला तर भाकरी बांधून धावतो. मग शेजारच्या घरातले एक मूल चार दिवसांच्या मुदतीशी एकटे झुंजत असताना आपल्याला त्याची वार्ताही नसावी, हे आपल्याला शोभते काय? ‘इतके दिवस काय करीत होतास?’ हा प्रश्न त्या मुलाला विचारण्यापूर्वी आपण प्रत्येकाने तो स्वतःला विचारावा. आणि त्याचे उत्तर येत्या प्रवेशाच्या हंगामाआधी, निधीच्या वहीत पहिले नाव लिहून द्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.