बंधाऱ्याची वही

बचत गटाची वही आपण किती जपतो! दहा रुपयांचा हिशेब चुकला तरी रात्री झोप येत नाही. पण गावचा लाखो रुपयांचा बंधारा, त्याची वही कुणाकडे आहे?

आमच्याच गावची गोष्ट सांगते. ओढ्यावर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पाऊस सरला की त्याच्या दारांत लोखंडी फळ्या बसवायच्या, पावसाळ्याआधी काढून ठेवायच्या. हे काम एक काका करायचे. कोणती फळी कोणत्या दारात बसते, रबर कुठं लावायचं, सगळं त्यांच्या डोक्यात. काका वारले. त्या वर्षी फळ्या मोजल्या तर काही कमी भरल्या, काही गंजलेल्या. बसवेपर्यंत पाणी वाहून गेलं. उन्हाळ्यात टँकरमागं पळालो कोण? आपणच बाया.

बंधारा फुटला नव्हता. फुटली होती ती माहिती.

आपल्याच जिल्ह्यात बघा. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला पाझर तलाव होता, पण गळका, पाणी टिकत नव्हतं. 1975 नंतर अण्णा हजारेंच्या पुढाकारानं गावानं श्रमदान करून तो दुरुस्त केला आणि खालच्या विहिरींना पाणी आलं. म्हणजे नवं बांधण्याआधी जुनं नीट केलं. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार तर पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची आणि ग्रामसभेत ठरवायचं, यंदा कोणतं पीक घ्यायचं. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हा नियमही गावानं पाळला. पोपटराव पवार सरपंच होते हे खरं, पण एकट्या सरपंचानं हे टिकत नाही. मोजलेलं सगळ्यांसमोर मांडलं, म्हणून टिकलं.

आता आपण काय करायचं? एक दोनशे पानी वही घ्या. गावातल्या प्रत्येक बंधाऱ्याला, तलावाला दोन पानं द्या. काम कोणत्या साली, कोणत्या योजनेतून झालं, ते ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीतून उतरवून घ्या. फळ्या किती, कुठं ठेवल्यात, किल्ली कुणाकडे, तेही लिहा. जुन्या जाणत्यांना विचारा, पूर कुठवर आला होता.

मग वर्षातून दोन फेऱ्या. पहिली मे महिन्यात. सांडव्यात माती, झुडपं अडकलीत का? मातीच्या बांधावर झाड वाढलंय का? मुळं आत शिरली की पाणी वाट काढतं. उंदरा-खेकड्यांची बिळं दिसतात का? फळ्या सगळ्या निघाल्यात का? राहिल्या तर पुराचं पाणी काठ फोडून जातं. दुसरी फेरी पावसानंतर. भिंतीखालची माती खरवडली का, गळती कुठं आहे, गाळ किती साचला? गाळ मोजायला खुणेची काठी पुरे. मात्र पूर असताना कुणी पाण्याजवळ जायचं नाही. आणि मोठी भेग दिसली तर आपण सिमेंट फासायचं नाही. ग्रामपंचायतीला लेखी कळवायचं, पोच घ्यायची.

ग्रामसभेआधी महिला सभा असते. तिथं ही वही वाचून दाखवा, ठराव घ्या. तोंडी बोललेलं विसरलं जातं. लिहिलेल्याला उत्तर द्यावं लागतं.

आणि हो, वही एकीच्याच घरी ठेवू नका. दोन प्रती करा, दरवर्षी एका तरुण सुनेला सोबत घ्या. काकांचं शहाणपण काकांसोबत गेलं. आपलं मागं राहू द्या.