राणीचा स्वार आणि खानदेशचा घाट



‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकाची वंशावळ लांबलचक आहे. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे यांचं ‘बेगर्स ऑपेरा’ गाजलं. दोनशे वर्षांनी एलिझाबेथ हाउप्टमान यांनी ते जर्मनमध्ये आणलं, त्यावर बर्टोल्ट ब्रेश्त यांनी आपलं नाटक रचलं, कुर्ट वाइल यांनी संगीत दिलं आणि ३१ ऑगस्ट १९२८ला बर्लिनमध्ये ‘थ्री पेनी ऑपेरा’चा पहिला प्रयोग झाला. १९७८मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या लेखणीतून ‘तीन पैशाचा तमाशा’ उतरला आणि जब्बार पटेल यांनी तो थिएटर अकादमीतर्फे बसवला.

हे नाटक मराठीत उपरं वाटलं नाही. गोष्ट मध्येच थांबवून गाणं म्हणायचं, प्रेक्षकांकडे वळून त्यांनाच चिमटा काढायचा, ही ब्रेश्तची रीत. आणि आपला सोंगाड्या हे किती पिढ्या करत आला आहे! आपल्या खानदेशातलं वहीगायन घ्या. गाता गाता कथा सांगायची आणि सांगता सांगता सोंग वठवायचं. तेव्हा बाजाचा प्रश्न सोपा होता. अवघड गोष्ट नाटकाच्या पोटात आहे.

दरोडेखोर मॅकहीथ आणि पोलीसप्रमुख टायगर ब्राउन हे जिवलग मित्र. त्यांची दोस्ती जमली कुठे? हिंदुस्थानात, गोऱ्या पलटणीत! ते दोघं तोफांचं एक गाणं मजेत गातात, आणि त्यात थेट आपल्या कूचबिहारचं नाव येतं. बर्लिनचा प्रेक्षक त्यावर निर्धास्त हसू शकतो. आपण कसं हसायचं? त्या तोफेच्या तोंडासमोर तर आपलेच पूर्वज उभे होते.

माझं म्हणणं एवढंच आहे: वसाहतीत गेलेल्या नाटकाच्या रूपांतरात नुसती नावं आणि कपडे बदलून भागत नाही, बघणारा कुठे उभा आहे, ती जागा बदलावी लागते.

त्यासाठी मसाला शोधायला लांब जायला नको. १८२५ साली इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम यांनी खानदेशात भिल्ल पलटण उभारली. तिचं ठाणं आपल्या धरणगावला. ज्यांना सरकार लुटारू म्हणत होतं, त्यांनाच गणवेश चढवून बंदोबस्ताला लावलं. चोर कोण आणि शिपाई कोण, हे ठरवण्याचा हक्क मात्र साहेबाने आपल्याकडेच ठेवला. मुंबई–आग्रा रस्त्यावर सेंधव्याच्या घाटाची राखण भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक याच्याकडे होती. १८५७मध्ये तोच राखणदार सरकारविरुद्ध उठला. १८५८मध्ये आंबापाणीला लढाई झाली. ब्रेश्तचं अर्धं कथानक या घाटात आधीच घडून गेलं आहे.

आता शेवट पाहा. मॅकहीथ फासावर जाणार, तोच राणीचा स्वार घोड्यावरून येतो. माफी, सरदारकी, वर तहहयात पेन्शन! प्रेक्षक खो खो हसतो. पण १ नोव्हेंबर १८५८ला व्हिक्टोरिया राणीचा खराखुरा जाहीरनामा आला. त्यातही बंडवाल्यांना माफी होती, अटींसकट; आणि इंग्रज रयतेच्या खुनात ज्यांचा हात होता, ते वगळून. खानदेशी प्रयोगात तो स्वार हा जाहीरनामा घेऊन यावा. हसू तेच राहील, घास मात्र घशात अडकेल.

एक धोका आहे. भिल्लाला रंगमंचावर दरोडेखोर म्हणून नाचवलं, तर आपण साहेबाचीच री ओढू. म्हणून विनोदाचा रोख सदैव ठाणेदारावर, त्याच्या वहीवर, त्याने मारलेल्या शिक्क्यावर राहिला पाहिजे. आणि ज्यांच्या आज्यापणज्यांची ही गोष्ट आहे, त्यांना तालमीच्या पहिल्या दिवसापासून बरोबर घेतलं पाहिजे. नुसते नाचगाण्यापुरते नव्हे, संहितेवर वाद घालायलाही.

जळगाव-धुळ्याच्या हौशी मंडळींना स्पर्धेसाठी दरवर्षी नवी संहिता हवी असते. अहिराणीत हे नाटक करून बघा. पुलंनी ब्रेश्तला तमाशाच्या फडात आणलं. तिथून त्याला सातपुड्याच्या पायथ्याशी आणायचं काम आपलं आहे.