शेफिल्डचा दोनदा गाडलेला किल्ला



शेफिल्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सुऱ्या, कात्र्या आणि काटे-चमचे येतात. त्या शहराची ओळखच पोलादाची. पण शहराच्या मध्यवस्तीत, 2013 पर्यंत जिथे भाजीपाला आणि मासळी विकली जात होती तिथे, जमिनीखाली एक मध्ययुगीन किल्ला पडून आहे. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा किल्ला दोनदा गाडला गेला, एकदा मातीखाली आणि एकदा खोक्यांत. आपल्या विचाराचा विषय आहे तो दुसरा प्रसंग.

आधी किल्ला समजून घेऊ. उत्तर इंग्लंडमध्ये शीफ नदी जिथे डॉनला मिळते त्या संगमावर, बाराव्या शतकात विल्यम द लव्हेतो या नॉर्मन सरदाराने तो बांधला असं मानलं जातं. आपल्याकडच्या भाषेत भुईकोट म्हणा. दोन अंगांना नद्यांचं पाणी, उरलेल्या अंगाला खोदलेला खंदक. 1266 मध्ये राजा तिसऱ्या हेन्रीविरुद्ध उठलेल्या बंडखोर सरदारांनी तो जाळला. चारच वर्षांनी, 1270 मध्ये, थॉमस द फर्निव्हलने राजाकडून तटबंदीचा परवाना मिळवला आणि नवा दगडी किल्ला उभा राहिला. पुढे तो श्रूझबरीच्या अर्लांकडे आला.

त्याच घराण्यातल्या सहाव्या अर्लावर, जॉर्ज टॅलबटवर, राणी एलिझाबेथने एक अवघड कामगिरी सोपवली: स्कॉटलंडची पदच्युत राणी मेरी हिला कैदेत ठेवण्याची. 1570 ते 1584, म्हणजे जवळपास चौदा वर्षं, मेरी बहुतेक काळ शेफिल्डच्या या किल्ल्यात आणि जवळच्या टेकडीवरच्या वाड्यात आलटून पालटून राहिली. इंग्लंडमधल्या तिच्या एकोणीस वर्षांच्या कैदेपैकी एवढी मोठी मुदत दुसऱ्या कुठल्याही गावाच्या वाट्याला आली नाही. असा किल्ला खरं तर शाळेच्या पुस्तकात असायचा. मग तो विस्मरणात कसा गेला?

उत्तर राजा आणि पार्लमेंट यांच्यात झालेल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात आहे. किल्ला राजाच्या पक्षाकडे होता. जुलै 1644 मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत राजपक्ष हरला आणि पार्लमेंटची फौज शेफिल्डवर आली. तोफांनी तट फोडला. 11 ऑगस्ट 1644 रोजी किल्ला शरण आला. पुन्हा कोणी तो लढवू नये म्हणून पार्लमेंटने पाडण्याचे ठराव केले आणि 1648 मध्ये पाडापाडी झाली. घडीव दगड गावाला हवाच होता. चार एकरांच्या त्या जागेवर पुढे चेंडू घरंगळवण्याच्या खेळाचं हिरवळीचं मैदान झालं, मग कत्तलखाने आले, मग मुशीतलं पोलाद ओतणाऱ्या भट्ट्या. जागेच्या नावात तेवढा 'कॅसल' राहिला.

हे झालं पहिलं गाडणं. त्यात विशेष काही नाही. हरलेल्यांच्या किल्ल्यांचं जगभर असंच होतं. उलट या गाडण्याने एक उपकारच केला. पाडलेल्या किल्ल्याचा राडारोडा खंदकात पडला आणि खालचा ओला गाळ झाकला गेला. अशा चिखलात हवा शिरत नाही, म्हणून लाकूड आणि चामडं कुजत नाही. उघड्यावर उभी राहिलेली भिंत जे जपू शकत नाही, ते खंदकाने जपलं.

आता दुसरी गोष्ट. 1927 मध्ये या जागेवर एका सहकारी संस्थेच्या मोठ्या दुकानाचा पाया खणायला घेतला आणि किल्ल्याचे दगड वर आले. लेस्ली आर्मस्ट्राँग हे पुरातत्त्वज्ञ आणि जोसेफ हिम्सवर्थ हे स्थानिक अभ्यासक बांधकामाच्या घाईगर्दीत तिथे उभे राहिले. दरवाज्याच्या बुरुजाचा खालचा भाग आणि खंदकावरच्या पुलाचं बांधकाम त्यांनी नोंदवलं. आर्मस्ट्राँग यांनी अहवाल छापला. त्यांना तळाशी सॅक्सन काळातली इमारत सापडल्यासारखं वाटलं होतं. ते मत पुढच्या संशोधकांना पटलं नाही. पण पटलं नाही हे सांगता आलं, ते त्यांनी नोंदी आणि वस्तू मागे ठेवल्या म्हणूनच. डिसेंबर 1940 मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात ते दुकान जळून गेलं.

युद्धानंतर महापालिकेने तिथे कॅसल मार्केट ही नवी मंडई बांधायला घेतली. पुन्हा पाये, पुन्हा दगड. या वेळी लेस्ली बुचर यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून 1972 पर्यंत नोंदी केल्या. बुरुजाचा अवशेष मंडईच्या तळघरात राखला गेला. पण या कामातलं बरंचसं छापलं गेलंच नाही. टिपणं, नकाशे आणि खापरं संग्रहालयाच्या खोक्यांत गेली आणि अनेक दशकं तिथेच राहिली. किल्ला खणून काढला होता, तरी तो कोणाला ठाऊक नव्हता.

श्रोतेहो, उत्खनन हे एका अर्थी पुस्तक वाचता वाचता त्याची पानं जाळत जाण्यासारखं आहे. थर एकदा उकरला की तो पुन्हा लावता येत नाही. किल्ल्यापर्यंत जायला वरच्या पोलादाच्या भट्ट्या उकराव्या लागतात, आणि त्याही इतिहासच. म्हणून नोंद हीच शिल्लक वस्तू. ती खोक्यात राहिली तर पार्लमेंटच्या तोफांनी केलं नाही एवढं नुकसान आपल्या आळसाने होतं.

2013 मध्ये मंडई बंद झाली, 2015 मध्ये पाडली. त्या आधुनिक इमारतीला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळावा म्हणून प्रयत्न झाले, ते फेटाळले गेले. 2018 मध्ये वेसेक्स आर्किऑलॉजी या संस्थेने स्वयंसेवकांना बरोबर घेऊन उत्खनन केलं. 2020 मध्ये डॉन हॅडली आणि जॉन मोरलंड यांचा ग्रंथ आला. त्यांनी ती जुनी खोकी उघडली आणि 1927 ते 2018 पर्यंतचा पुरावा एकत्र मांडला. पुढच्या उत्खननात खंदकाच्या तळाशी टोकदार लाकडी मेखा मिळाल्या. 1644 च्या वेढ्यात शत्रू रोखायला त्या रोवल्या असाव्यात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

आणि याच शहरातल्या शेफिल्ड विद्यापीठाने 2021 मध्ये आपला नावाजलेला पुरातत्त्व विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला. खोकी उघडणारी माणसं घडवायचं थांबवलं, की तिसरं गाडणं सुरू झालंच म्हणून समजा.

हिम्सवर्थ व्यवसायाने सुऱ्या-चमच्यांच्या आणि चांदीच्या धंद्यातले. तरी पाया खणला जात असताना ते वही घेऊन उभे राहिले. आपल्याही पेठांत रोज जुने वाडे पडतात आणि पाये खणले जातात. प्रत्येक दगड वाचवता येणार नाही, आणि तसा आग्रहही मी धरणार नाही. पण काम चालू असेल तिथे दोन प्रश्न जरूर विचारा: इथे सापडलेल्याची नोंद कोण ठेवतंय, आणि ती केव्हा छापली जाणार? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.